चिहिरोच्या आईबाबांचं डुक्कर होतं, तुमच्या पोरांना चालेल का?

‘कार्टूनच आहे ना, लावून दे की’ असं म्हणणारे आईबाप आणि ‘अ‍ॅनिमे? नको गं बाई, ते काहीतरी भलतंच असतं’ म्हणणारे आईबाप (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून), दोन्ही आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आहेत आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. २०२५ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी आपापले फोटो घिबली ह्या जपानी कार्टून स्टुडिओच्या स्टाइलचे करून डीपीला लावले, आजीआजोबांचे सुद्धा, एकाने तर चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) बसून काढलेला अख्खा फॅमिली फोटो लावला, आणि तेव्हापासून ‘ते घिबलीचे पिक्चर मुलांना दाखवण्यासारखे आहेत का गं’ हे मला फोंड्याच्या बाजारात भाजी घेताना सुद्धा विचारून झालंय. मला हे पिक्चर आवडतात हे सगळ्यांना माहीत, म्हणून मी एक्स्पर्ट. ठीक आहे, एक्स्पर्ट तर एक्स्पर्ट.

सगळ्यात जास्त विचारतात तो स्पिरिटेड अवे, तर मुख्य त्याच्यावरच लिहिते, बाकीचे येताजाता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हायाओ मियाझाकीचा २००१ चा पिक्चर, बर्लिनला गोल्डन बेअर, मग २००३ ला ऑस्कर, नेटफ्लिक्सवर आपल्याकडे २०२० मध्ये बाकीच्या घिबलीच्या पिक्चरांबरोबर आला. दोन तासांहून थोडा जास्त. दहा वर्षांची चिहिरो आईबाबांबरोबर नव्या घरी राहायला चाललीय, गाडीत मागच्या सीटवर लोळलीय, हातात मैत्रिणींनी दिलेला फुलांचा गुच्छ आणि तोंड वाकडं. बाबा शॉर्टकट मारतात (सगळे बाबा मारतात), रस्ता चुकतो, एक बोगदा लागतो, पलीकडे ओसाड जागा आणि तिथे एका दुकानात खाणं वाफाळतंय पण माणूस कुणी नाही. बाबा म्हणतात काळजी नको, कार्ड आहे, कॅश आहे, आणि आईबाबा दोघं बसून हाणायला लागतात. चिहिरो खात नाही, ती जरा फिरून येते तोवर काळोख पडायला लागलेला असतो, आणि आईबाबांच्या जागेवर त्यांच्याच कपड्यांत दोन भलीमोठी डुकरं. बाबांच्या डुकराच्या थोबाडावर एक फटका बसतो आणि ते धाडकन खाली पडतं.

हे पहिल्या पंधरा मिनिटांत होतं. तोवर एक राक्षस आलेला नाही, रक्ताचा थेंब नाही, मारामारी नाही, शिवी नाही. आणि माझ्या मते पूर्ण पिक्चरमधला लहान मुलांसाठी सगळ्यात कठीण सीन हाच आहे.

आता रेटिंगचं बघा. अमेरिकेत याला पीजी आहे, म्हणजे आईबापांनी बघून ठरवा, कारण काय दिलंय तर ‘काही भीतीदायक क्षण’, बस्स. आपल्याकडे थिएटरच्या पिक्चरना यू, यूए, ए असं असायचं, २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने त्या यूएचे तीन तुकडे झाले, ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवाल्यांना तर २०२१ च्या नियमांपासूनच असे आकडे लावावे लागतात आणि १३+ पासून वरच्यांना पॅरेंटल लॉकची सोय द्यावी लागते. चांगलंच आहे, आणि ते लॉक लावून ठेवा, आमच्या ओळखीत निम्म्या लोकांनी ती सेटिंग उघडून सुद्धा बघितलेली नाही. पण एक लक्षात घ्या, यूएचा आकडा हा आईबापांना दिलेला इशारा आहे, थिएटरच्या दारावरचा माणूस ए ला अडवेल, तुम्ही पाच वर्षांचं पोर घेऊन १३+ ला गेलात तर ते तुमचं तुम्ही बघा असा त्याचा अर्थ आहे. आणि आकडा म्हणजे एका अक्षरात मारामारी, शिव्या, नशा, भीती सगळं कोंबलेलं. ‘आई समोर आहे पण ती आपल्याला ओळखत नाही’ ह्याला कुठला आकडा लावणार?

माझ्याच दोन पोरांचं सांगते. थोरला डुकरं बघून खो खो हसला, बाबांकडे बोट दाखवून. धाकटी सोफ्यावरून उतरली, माझ्या मांडीवर येऊन बसली आणि पिक्चर चालू असतानाच विचारते, ‘आई, तू डुक्कर झालीस तर मला ओळखशील ना?’ मी म्हटलं ओळखीन. ‘आणि मी तुला कशी ओळखणार?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि गंमत म्हणजे पिक्चरच्या शेवटी नेमका हाच प्रश्न चिहिरोला घातलाय, डुकरांच्या कळपातून आईबाबा कुठले ते सांग म्हणून. मग पुढे तो काळा, पांढऱ्या मुखवट्याचा नो-फेस आला, जो आधी गुपचूप उभा असतो आणि मग सोनं वाटत वाटत माणसं गिळायला लागतो, फुगत जातो, नंतर चिहिरोच्या मागे धावता धावता सगळं ओकत सुटतो, तिथे धाकटी हसत होती (ओकारी, मग काय, सहा वर्षांच्या मुलांचा ऑलटाइम फेवरिट विषय) आणि थोरल्याने उशी तोंडावर घेतली होती. त्यालाच रात्री बाथरूमला जाताना सोबत लागली, तिला नाही. एकाच घरात, एकाच सोफ्यावर. म्हणून कुणी मला ‘किती वर्षांपासून चालेल’ एवढंच विचारलं की मी उलट विचारते, शाळेत सोडताना अजून रडते का, तुम्ही दोघं लग्नाबिग्नाला गेलात आणि आजीकडे ठेवलं तर झोपते का, बाजारात हात सुटला होता कधी आणि त्यानंतर किती दिवस तो विषय चालला होता? अंधाराची, भुतांची, कुत्र्यांची भीती वेगळी आणि आईबाबा जातील ही भीती वेगळी, आणि घिबलीच्या पिक्चरमध्ये दुसरीच जास्त असते. पोस्टरवर ती दिसत नाही.

राक्षसांच्या बाबतीत तर गोव्याच्या पोरांना काय सांगायचं. दिवाळीच्या आदल्या रात्री आपण चार चार वर्षांची पोरं खांद्यावर घेऊन नरकासुर बघायला जातो, दोन मजली उंच, लाल डोळे, बाहेर आलेले सुळे, कानठळ्या बसतील असा डीजे, रात्रीचे बारा वाजलेले, आणि तिथे कुणी म्हणत नाही की हा सेव्हन प्लस आहे का थर्टीन प्लस. पोरं बघतात कारण बाबांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं असतं आणि पहाटे त्याला जाळणार हे आधीच माहीत असतं. स्पिरिटेड अवे पहिल्या पंधरा मिनिटांत ते बाबांचं डोकंच काढून घेतो. म्हणून तुम्ही शेजारी बसा. मोबाईल बाजूला ठेवून बसा, नुसतं त्याच खोलीत असणं चालत नाही, आणि टॅबवर लावून देऊन किचनमध्ये हुमण करायला जाणं तर ह्या पिक्चरला अजिबात नाही. डोरेमॉनला जा खुशाल.

आणि शेवट आधी सांगून टाका! मला माहीत आहे स्पॉयलरवाले लोक आता अंगावर येतील, येऊ देत. आठ वर्षांखालच्या मुलाला ‘शेवटी आईबाबा परत माणसं होतात आणि सगळे गाडीत बसून घरी जातात’ हे आधी सांगितल्याने त्याची मजा कमी होत नाही, उलट मधल्या सगळ्या गमतीजमती बघायला डोकं मोकळं राहतं. गणपतीचं डोकं परत बसणार हे माहीत असूनही ती गोष्ट रोज रात्री ऐकतातच की.

आमच्या सासूबाई हा पिक्चर आमच्याबरोबर अर्धवट बसल्या होत्या, म्हणजे हातात तांदूळ निवडायचं सूप आणि डोळे अधूनमधून टीव्हीवर. त्यांना जपानी नाही, इंग्लिश नाही, सबटायटल नाही. पण आईबाबा खायला बसल्याबरोबर त्या म्हणाल्या, ‘कुणाच्या जाग्यात शिरले आणि न विचारता हात मारला, आता बघ.’ झालं, पूर्ण पिक्चर त्यांना एका वाक्यात कळला होता. त्यांच्या माहेरी, डिचोलीकडे, वेशीवर राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, रोट ठेवतात, विडी ठेवतात, सोरो म्हणजे दारू ठेवतात, वाहाणा ठेवतात आणि त्या वाहाणा रात्रीच्या फिरण्याने झिजतात असं मानतात, त्या जागेवरून जाताना काही तोडायचं नाही, काही उचलायचं नाही, मुतायला तर बसायचंच नाही. पिक्चरमध्ये ती म्हातारी युबाबा चिहिरोला हेच तर ऐकवते, तुझ्या आईबापाने पाहुण्यांचं खाणं डुकरासारखं खाल्लं. पाहुणे म्हणजे देव, नदीचे, डोंगराचे, मुळ्याचे सुद्धा, आणि ते सगळे थकून तिच्या स्नानगृहात अंघोळीला येतात. पाश्चात्त्य आईबापांना हे सगळं विचित्र वाटत असेल, आपल्या पोरांना झाडाला देव असतो, तळीला देव असतो, वारुळाला असतो हे सांगावंच लागत नाही. आजी असेल घरात तर तिला सोबत बसवाच, मुलाने ‘हे काय’ विचारलं की तिच्याकडे उत्तर तयार असतं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आंटीने मात्र वेगळं विचारलं, तिच्या नातीचं फर्स्ट कम्युनियन जवळ आलेलं आणि तिला काळजी की ह्यात चेटकीण, स्पिरिट वगैरे आहे, मुलीच्या डोक्यात काय जाईल. ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही, प्रत्येक घराचं आपापलं असतं. मी तिला एवढंच सांगितलं की ह्यात कुणाची पूजा शिकवत नाहीत, मंत्र शिकवत नाहीत, चेटकीण म्हणजे हातात अंगठ्या घालून दागिने आणि हिशोब बघत बसणारी एक कडक मालकीण आहे जी कामावर घेताना मुलीचं नावच काढून घेते, आणि मुलगी तिथे राबून, खरं बोलून, दिलेला शब्द पाळून सुटते. तिने आधी स्वतः एकटीने बघितला. मग नातीला दाखवला. आधी स्वतः बघणं ह्याला खरंच पर्याय नाही, दोन तास जातात, पण आपण त्याहून जास्त वेळ रील्स बघतो.

‘स्नानगृह’ म्हटल्यावर कुणीकुणी भुवया उंचावतात, तर तसं काही नाही, देवांच्या अंघोळीत लाजायसारखं काही दाखवलेलं नाही. रक्त आहे, ते सांगायला हवं. हाकू नावाचा मुलगा ड्रॅगनच्या रूपात जखमी होऊन येतो, तोंडातून रक्त, खोलीभर आपटतो, भिंतीला रक्त लागतं, हा सीन लांब आहे आणि आवाज फार आहे. युबाबाचं ते अवाढव्य बाळ ‘खेळ नाहीतर हात मोडीन’ म्हणतं. डुकरांना खाऊन टाकतील अशी धमकी पिक्चरभर लटकत राहते, ज्यांच्या शेजारी डिसेंबरमध्ये डुकराचं सोरपोतेल शिजतं त्यांनी पुढच्या प्रश्नांची तयारी ठेवा. आमच्याकडे झालं ते असं की धाकटीने बरेच दिवस बाबांना दुसऱ्यांदा भात वाढून घेऊ दिला नाही. ‘बाबा पुरे, डुक्कर होशील.’ डॉक्टरने सांगून जे झालं नव्हतं ते मियाझाकीने केलं.

पण ह्या सगळ्यासाठी पिक्चर टाळू नका असं मला वाटतं, कारण मधे जे आहे ते दुसरीकडे मिळत नाही. तो घाण वासाचा देव येतो ना, चिखलाचा लोळ, सगळे नाक धरून पळतात, आणि सगळ्यात नवीन पोरीला म्हणजे चिहिरोला त्याला अंघोळ घालायला पाठवतात. ती चिखलात उभी राहून चाचपडते, हाताला काहीतरी टोचतं, दोरी बांधून सगळे मिळून ओढतात तर आधी सायकल निघते आणि मग तिच्यामागून भंगाराचा ढीगच्या ढीग, आणि मग कळतं की ही तर नदी होती, थोर जुनी नदी. मियाझाकीने स्वतः नदी साफ करताना सायकल ओढून काढली होती, तिथून हे आलंय. थोरला तेव्हा म्हणाला, ‘पणजीच्या सांतिनेजच्या नाल्यातून काय काय निघेल?’ मला फार बरं वाटलं, आणि वाईट पण. आणि पुढे हाकूचं निघतं की तो ज्या नदीचा देव होता ती बुजवून वर फ्लॅट बांधले. हे आम्ही इथे समजावून सांगायची गरजच पडली नाही, खिडकीतून दिसणाऱ्या शेतात मातीचे ट्रक येतच असतात.

आता थोडं प्रॅक्टिकल. दिवसा लावा, रविवारी सकाळी, जेवायच्या आधी, पडदे उघडे. रात्री जेवताना नको, एकतर त्यात खाण्याचे सीन असले आहेत की भूक लागते आणि लगेच नंतर ओकारीचे. पावसात लावणार असाल तर आधी डाउनलोड करून ठेवा. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण जुलैमधे लाइट जाते ती बरोबर नो-फेसने तिसरा माणूस गिळल्यावर जाते, इन्व्हर्टरवर पंखा चालतो पण वायफाय नाही, आणि मग पूर्ण रात्र तो काळा माणूस आपल्या हॉलमध्ये अर्धवट राहतो. भीतीदायक पिक्चर लहान मुलाने पूर्ण बघितला तर ठीक, अजिबात नाही बघितला तरी ठीक, अर्ध्यात सोडला तर वाट लागते. पहिल्या पंधरा मिनिटांत नको म्हणालं मूल तर मात्र बंद करा, ‘अरे घाबरतोस काय, मुलगा ना तू’ वगैरे काही म्हणायचं नाही, आणि त्याच वेळी शेवट काय होतो ते सांगून टाकायचं.

भाषा? सबटायटल वाचता येणाऱ्याला जपानीतच दाखवा, आवाज फार सुंदर आहेत. वाचता न येणाऱ्यांना इंग्लिश डब चालतो, नाहीतर आमच्यासारखं करा, एकाने सबटायटल वाचत मराठीत सांगायचं, मधेच कोकणीत घसरायचं. याचा एक फायदा कुणी सांगत नाही, सांगणारी तुम्ही असलात की भीतीचा व्हॉल्यूम तुमच्या हातात राहतो. युबाबा ओरडते ते मी दर वेळी आमच्या एका काकूच्या आवाजात सांगते. कुठली काकू ते लिहीत नाही, ती हे वाचते.

थेट आकडा हवाच असेल तर माझा असा: सोबत बसून सात-आठपासून, एकट्याने दहापासून. मियाझाकीने हा पिक्चर केलाच दहा वर्षांच्या मुली डोळ्यांसमोर ठेवून. चार-पाच वर्षांचं असेल तर माय नेबर टोटोरो, १९८८ चा, दीड तासाच्या आत संपतो, व्हिलन नाहीच. तरी त्यातही आई हॉस्पिटलमधे आहे आणि छोटी मेई हरवते, तळ्यात लहान मुलाची चप्पल सापडते आणि गावातले लोक काठ्यांनी तळं ढवळतात. चप्पल तिची नसते, पण ते कळेपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं जवळ घ्या मुलाला, अमेरिकेत ‘जी’, म्हणजे सगळ्यांना चालेल, अशी रेटिंग असली तरी. पोन्यो (२००८) पाच वर्षांच्या मुलाचा, रंगीत, गोड, पण त्यात समुद्र रस्त्यावर चढतो आणि आई पोरांना घरात ठेवून वादळात गाडी घेऊन जाते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ठरवा. किकीज डिलिव्हरी सर्व्हिस त्यातल्या त्यात बिनधास्त, फक्त तेरा वर्षांची मुलगी घर सोडून दुसऱ्या गावात राहायला जाते ही आयडिया तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला किती आवडेल ते तुमचं तुम्ही बघा.

प्रिन्सेस मोनोनोके नको. म्हणजे मोठ्यांनी बघा, अप्रतिम आहे, पण बाणाने हात आणि मुंडकी उडतात, पीजी-१३ आहे आणि इथे तो आकडा अगदी बरोबर आहे. आणि थिएटरला ‘अ‍ॅनिमे लागलाय’ म्हणून उठून जाऊ नका, २०२५ च्या सप्टेंबरला डीमन स्लेअरचा इन्फिनिटी कॅसल लागला होता तेव्हा कॉलेजच्या पोरांच्या मधे एक जोडपं चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आलेलं, पॉपकॉर्नचा टब त्याच्या डोक्याएवढा, आणि अमेरिकेत तो पिक्चर ‘आर’ आहे, म्हणजे सतराच्या खालच्यांना मोठ्यांशिवाय सोडत नाहीत. इंटरव्हलनंतर ती सीट रिकामी होती. थिएटरमधे पॉज नसतो आणि तो आवाज छातीत घुसतो, त्यामुळे पहिला अ‍ॅनिमे घरीच.

शेवटचं एक, आणि हे आजच करा. ऑटोप्ले बंद करा. टोटोरो आणि ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज दोन्ही घिबलीचे, १९८८ मधे जपानच्या थिएटरांत ते एकाच तिकिटात जोडीने लागले होते, म्हणजे टोटोरोच्या कॅट-बसमधून उतरलेली पोरं समोर युद्धात उपाशी मरणारी भावंडं बघत बसली. तुमच्या टीव्हीने तीच जोडी परत लावायला नको. सेटिंग प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते, मुलांच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बघा, आईच्या प्रोफाइलमध्ये बंद करून काही होत नाही.